घण किती वेगाने चालवावा?

हैदराबादेस सालारजंग संग्रहालय पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना तेथील वाद्यघड्याळ स्मरत असेलच. तास भरावयास थोडा अवकाश असला की त्या घड्याळापुढे माणसांची दाटी होते. ठरल्या क्षणी एक चिमुकला दाढीवाला पुरुष बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि पुनश्च आत निघून जातो. लोकांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. माझे मात्र त्याच घड्याळातील एका लोहाराकडे लागून राहिले होते. तो बिचारा कोणाच्या टाळ्यांची वाट न पाहता सेकंदामागून सेकंद घण घालीत असतो.

मे महिन्यात भाच्यासमवेत मी तेथे उभा होतो. दाढीवाला आत गेला, गर्दी पांगली, तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "मामा, ह्या लोहाराला जरा भरभर घण घालायला लावले तर?"

"तर घड्याळ पुढे धावेल आणि वेळ खोटी दाखवील," मी म्हटले.

तो हसला; परंतु त्याच्या मनात घड्याळ नव्हते, संगणक होता, हे मला ठाऊक होते. त्या एका प्रश्नापायीच ताईने मला जालन्याहून रात्रीच्या गाडीत बसवून धाडले होते.

हकीकत अशी. भाचा हैदराबादेत चित्रपटांतील जादुई दृश्यांची कला शिकत आहे. इ. स. २०१५ साली आलेल्या 'बाहुबली'मधील धबधबे आणि महाल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतील मोठे काम ह्याच शहरातील कारागिरांनी संगणकावर केले होते. ह्या विद्येला यंत्र जोरकस लागते. ताईने पतपेढीचे कर्ज काढून त्याला जुने, जुळवून घेतलेले यंत्र घेऊन दिले. दिवसा मुलाने दृश्य रचावे आणि रात्री यंत्राने ते एकेका चित्राने रंगवीत बसावे, असा क्रम. चार-सहा सेकंदांच्या दृश्यास दहा दहा तास लागत. सोबतच्या मुलांनी सांगितले की प्रोसेसर 'ओव्हरक्लॉक' कर, फुकटात वेग वाढेल. दुसऱ्या कोणी सांगितले की तसे करताना आपले यंत्र जळाले. मुलाने दोन्ही गोष्टी आईला कळविल्या आणि आईने पुढचा विचार माझ्यावर सोपविला. आपल्यापैकी कित्येकांची मुले अशाच यंत्रांपुढे बसून पोट भरण्याची विद्या शिकत आहेत. म्हणून तेथे चार दिवसांत जे पाहिले व शिकलो ते येथे विस्ताराने देत आहे.

प्रथम हा घण कोणता ते समजून घ्यावयास हवे. संगणकाच्या मदरबोर्डवर एक मूळ ठोका असतो. तो बहुधा सेकंदाला दहा कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, इतका असतो. प्रोसेसर हा ठोका एका गुणकाने वाढवून घेतो. गुणक ३६ असेल तर ३६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्यास आत काही काम पुढे सरकते. भाच्याचा प्रोसेसर ए. एम. डी. कंपनीचा, २०१९ साली बाजारात आलेला 'रायझेन ५ ३६००'. त्यात सहा कोअर आहेत. आपण सहा लोहार म्हणू. कंपनीने त्यांना ३.६ गिगाहर्ट्झची हमी दिली असून, काम थोडे व थंडावा पुरेसा असेल तेव्हा एखादा लोहार आपण होऊन ४.२ पर्यंत चढतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा गुणक आपल्या हाताने वाढविणे. बाकी सर्व खटाटोप त्या एका आकड्याचे परिणाम निस्तरण्यासाठी असतो.

(हैदराबाद आणि संगणक ह्यांचा ऋणानुबंध जुना आहे. १९६७ साली डॉ. ए. एस. राव ह्यांच्या पुढाकाराने येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि 'टी. डी. सी. १२' हा देशी बनावटीचा संगणक १९६९ साली त्याच संस्थेने उभा केला. आज ए. एम. डी. आणि इंटेल ह्या दोहोंचे अभियंते ह्याच शहरात प्रोसेसरांच्या रचनेचे काम करतात. त्याच प्रोसेसरांना जादा राबवू पाहणारी पोरेही येथलीच!)

मग कंपनीच वेग पूर्ण का देत नाही, अशी शंका कोणीही विचारील. आमच्या जालन्याच्या मोसंबीवाल्यास हे उत्तर लवकर पटेल. एकाच बागेची फळे असली तरी सर्व सारखी नसतात. त्यांची निवड करून ढीग लावावे लागतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेले प्रोसेसरही सारखे नसतात. कंपनी ते तपासते, वर्ग पाडते, आणि त्या वर्गातील अगदी हलक्या फळालाही पेलेल असा वेग साऱ्यांवर छापते. एखाद्याच्या वाट्यास त्याच किमतीत सरस फळ येते. १९९८ साली इंटेलचा 'सेलेरॉन ३००-ए' नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा गुणक ४.५ असा पक्का होता, परंतु मूळ ठोका ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचे यंत्र सरळ ४५० वर धावे. हौशी मंडळी आजही त्याचे नाव आदराने घेतात. पुढे कंपन्यांनी हे कौशल्य यंत्रातच भरले. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर थंडावा पाहून आपला वेग आपणच वाढवू लागले, आणि आजचे प्रोसेसर तर आपल्या शक्तीचा बहुतेक अंश स्वतःच वापरून मोकळे होतात. सबब नवशिक्याच्या हाती उरते ते थोडे. हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे पुढे निराशा नको.

आणि सर्वच यंत्रांना ही मुभा नसते. इंटेलच्या प्रोसेसरांत ज्यांच्या क्रमांकामागे 'के' हे अक्षर असते तेच मोकळे असतात, आणि त्यांस 'झेड' अक्षराच्या चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. ए. एम. डी.चे रायझेन बहुतांशी मोकळे असतात. मदरबोर्ड मात्र 'बी' वा 'एक्स' जातीचा हवा, 'ए' जातीच्या स्वस्त बोर्डावर हा मार्ग बंद असतो. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी हा विषय वाचून सोडून द्यावा. त्या चपट्या डब्यात आहे तो उष्मा बाहेर टाकावयासच जागा पुरत नाही.

आता उष्म्याचे गणित पाहू. सर्व धोक्याचे मूळ त्यात आहे. लोहाराने भरभर घण घालावा असे वाटत असेल तर त्याला अधिक भाकरी द्यावी लागते. प्रोसेसरची भाकरी म्हणजे व्होल्टेज. वेग वाढविला आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले तर एका मर्यादेपुढे त्याची बेरीज-वजाबाकी चुकू लागते. व्होल्टेज वाढविले तर तो सावरतो. पण उष्मा वेगाच्या प्रमाणात वाढतो तसा व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भाच्याच्या वहीत आम्ही मांडलेला हिशेब असा : ४.० गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालतात असे धरा. ते ४.२ गिगाहर्ट्झ व १.३० व्होल्ट केले, तर वेग वाढला शेकडा ५ आणि उष्मा वाढला शेकडा २३! पोराने गुणाकार दोनदा केला. त्याचा विश्वास बसेना.

त्यात गाव हैदराबाद आणि महिना मे. खोलीतील हवा जितकी तापते, प्रोसेसरही जवळजवळ तितकाच अधिक तापतो. डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत जे यंत्र ७० अंशांवर सुखाने चालते, तेच मेच्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत ८८ अंश गाठते. परदेशातील थंड घरांत बसून लिहिलेला उपदेश आपल्या पत्र्याच्या छपराखाली लागू पडत नाही, तो एवढ्याचसाठी.

शनिवारी सकाळी आम्ही यंत्र उघडले. त्यापूर्वी एक तास काम देऊन तापमान मोजले होते. खोलीत ३७ अंश; प्रोसेसर ९४ वर! ह्या जातीची कमाल मर्यादा ९५. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपणच घण हळू करतो, आणि खरोखरच सहाही कोअर ३.८ वर उतरले होते. म्हणजे ज्याला आपण जोराने पळवू पाहत होतो, तो आधीच धापा टाकीत लंगडत होता. झाकण काढताच कारण दिसले. कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा असा थर बसला होता की त्यात हरभरा पेरता आला असता.

येथे मायबापांनी व मुलांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वीज तोडून, प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडास हात लावून मगच आत हात घालावा; अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांस मारक होते. दुसरे असे की, ह्या ए. एम. फोर जातीच्या बैठकीत प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक टाचण्या असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरही त्यास चिकटून उपटला जातो. टाचण्या वाकल्या की पतपेढीचे कर्ज वाया गेले म्हणून समजा. यास्तव आधी यंत्र थोडा वेळ चालवून गरम करावे, मग बंद करून कूलर किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवावा, आणि सैल झाल्यावरच वर उचलावा. भाच्याने हे काम मला करू दिले नाही. "मामा, तुमचा हात थरथरतो," असे तो म्हणाला, आणि ते खरे होते.

दुपारी आम्ही सिकंदराबादच्या पार्क लेनमधील चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. संगणकाच्या सामानाची ती मोठी पेठ; गाळ्याला गाळा लागून, आणि प्रत्येक गाळ्यात "काय पाहिजे?" हे तेलुगू, हिंदी, उर्दू अशा तिन्ही भाषांत एका दमात विचारणारा मुलगा. तेथून उंच मनोऱ्याचा कूलर आणि पेस्टची नळी घेतली. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीए नावाचे स्पिरिट घेतले. एका दुकानदाराने एस. एम. पी. एस. बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा मला तो लोभी वाटला. परंतु जुन्या यंत्रातील तो डबा भाच्याने उचलून पाहिला असता खेळण्यासारखा हलका लागला आणि त्यावर कोणा नावाच्या कंपनीची मुद्राही नव्हती. वीज पुरविणारा हा डबा भिकार असेल तर त्यावर ओव्हरक्लॉकिंग करू नये. तो मरताना बोर्डासही सोबत नेऊ शकतो. आम्ही तोही चांगला घेतला. खिशाला जड गेले हे कबूल केले पाहिजे.

जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून, वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवून कूलर बसविला. पुन्हा तेच काम, त्याच खोलीत : ७५ अंश. आणि कोणीही कशास हात न लावता वेग आपोआप ४.० झाला! गुणक अजून कंपनीचाच होता.

हौस येथे थांबली असती तर मला आवडले असते. पण पोरगा एवढा उत्साहात होता की त्याला रोखण्यापेक्षा नीट वाट दाखविणे शहाणपणाचे वाटले. एकच अट घातली : आधी सारे काम दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावयाची. त्याचे कारण सांगतो. लोकांना वाटते की वेग झेपला नाही तर यंत्र बंद पडेल, निळा पडदा येईल, आणि आपल्यास समजेल. तसे झाले तर भाग्यच. भयंकर गोष्ट अशी की किंचित अस्थिर प्रोसेसर बंद न पडताही चुकतो. हजार बेरजा बरोबर करतो, एक चुकवितो, आणि ती चूक मुकाट्याने फाइलीत लिहिली जाते. भाच्याच्या खोलीतील एका मुलाने थंडीत असे यंत्र पळविले होते. महिनाभराने पाहतो तो प्रकल्पाच्या निम्म्या फाइली उघडेनात. प्रोसेसर नवा मिळतो. महिन्याचे काम कोठून आणावे?

रविवारी मिस्सेहून परतल्यावर आम्ही आरंभ केला. यंत्र सुरू होताना डिलीट हे बटण दाबीत राहिले की बायोसचा पडदा येतो. तेथे प्रथम सर्व नेमणुका कंपनीच्या मूळ स्थितीत आणल्या, म्हणजे पूर्वीच्या मालकाने काही खोड्या करून ठेवल्या असतील तर त्या पुसल्या जातात. मग दोनच आकडे बदलावयाचे : गुणक आणि प्रोसेसरचे व्होल्टेज. बाकीच्या पन्नास नावांना, ती कितीही मोहक असोत, हात लावावयाचा नाही. मेमरीचा वेग वाढविण्याचा मोह तर मुळीच नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र रुसले, तर कोणावर रुसले ते कळत नाही. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नये, कारण कित्येक बोर्ड आपल्या सोयीसाठी गरजेपेक्षा बरेच जास्त देतात. ह्या जातीसाठी रोजच्या कामात १.३ व्होल्टची शीव आम्ही ठरविली व ती ओलांडावयाची नाही असे भाच्याने कबूल केले. तापमानाची शीव ८५.

गुणक ४०, व्होल्टेज १.२०. चालले. गुणक ४१, दहा मिनिटांत चाचणी मोडली. व्होल्टेज १.२२५ केले, चालले. प्रत्येक पायरीला क्रम तोच. प्रथम सिनेबेंच नावाची चाचणी दहा मिनिटे, मग प्राइम-९५ एक तास, आणि शेजारच्या खिडकीत एच-डब्ल्यू-इन्फो ह्या प्रोग्रॅममध्ये तापमानाचा आकडा सारखा डोळ्यांपुढे. ह्या प्राइम-९५ची गंमत सांगण्याजोगी आहे. तो मुळात गणितज्ञांच्या उपयोगासाठी, प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याकरिता, १९९६ पासून वापरात आहे. त्याच्यापाशी काही उदाहरणांची बरोबर उत्तरे आधीच असतात. प्रोसेसरकडून तीच उदाहरणे करवून घेऊन तो उत्तर ताडून पाहतो आणि एक अंक चुकला तरी काम थांबवितो. मास्तरांनी उत्तरे पाठ करून वर्गात यावे, तसे! मुकाट्याने होणारी चूक पकडण्यास असाच परीक्षक लागतो.

गुणक ४२ ला १.२७५ व्होल्ट लागले. तापमान ८३. भाच्याची कळी खुलली. मला न विचारता त्याने ४३ घातले. यंत्राचा पडदा काळा झाला तो उजळेचना. पंखा फिरे, दिवा लागे, चित्र काही येईना. पोराचा चेहरा असा पांढरा पडला की मला त्याच्या बाळपणीच्या दिवसांची आठवण झाली, जेव्हा त्याने माझा रेडिओ खोलून पुन्हा जुळविताना एक तार उरविली होती. "आईला काय सांगू?" एवढेच तो म्हणाला.

सांगावयाचे काही नव्हते. अशा वेळी वीज तोडून मदरबोर्डवरील सी-मॉस पुसण्याच्या दोन टाचण्या काही क्षण जोडाव्यात. अथवा रुपयाच्या नाण्यासारखी जी गोल बॅटरी असते ती काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवावी. बायोस आपण केलेल्या नेमणुका विसरतो आणि यंत्र कंपनीच्या वेगावर जागे होते. ही बॅटरी कोठे आहे हे प्रयोग सुरू करण्यापूर्वी पाहून ठेवावे, काळ्या पडद्यापुढे बसून शोधू नये. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असते.

४२ वर परत आलो. रात्रभर त्याचे स्वतःचे दृश्य रंगविण्यास दिले, आणि सकाळी सर्व चित्रे निर्दोष मिळाली. भाचा म्हणाला, झाले. मी म्हटले, "बाळ, ही परीक्षा रात्री झाली. दुपारी पुन्हा घे." सोमवारी तीन वाजता, खोलीत ३९ अंश असताना, पंखा बंद करून, आम्ही तेच काम पुन्हा दिले. पाऊण तासात तापमान ८९ वर गेले आणि प्राइम-९५ने एक चूक दाखविली. एकच. ज्यास उत्तर ठाऊक नाही अशा कोणत्याही प्रोग्रॅमने ती गिळून टाकली असती.

व्होल्टेज आणखी वाढवावे असे त्याच्या ओठांवर आले होते; परंतु उष्मा वाढतो म्हणून चूक होते आणि चूक होते म्हणून उष्मा वाढवावयाचा, हे चक्र त्यालाच उमगले. त्याने आपण होऊन ४१ केले, १.२२५ व्होल्ट. दुपारी ७९ अंश, चूक नाही.

आता हिशेब. पूर्वी ३.८ वर जे काम दहा तास घेई, ते केवळ सफाई, पेस्ट व कूलर ह्यांमुळे ४.० वर साडेनऊ तासांत आले. ओव्हरक्लॉकिंगने ४.१ झाल्यावर ते ९ तास १६ मिनिटांवर आले. म्हणजे ३० मिनिटे झाडूने वाचविली आणि १४ मिनिटे ह्या सर्व धाडसाने. ४.२ ने आणखी १३ मिनिटे मिळाली असती. पोराला हा आकडा फारसा आवडला नाही. मला तो फार आवडला. तरी १४ मिनिटे रोज रात्री मिळत असतील तर ती टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. कष्टाने मिळविलेल्या वस्तूचे मोल ज्याचे त्याने ठरवावे.

कंपनीच्या हमीविषयी मुलांच्या मनात गैरसमज असतात, म्हणून तेही लिहितो. ए. एम. डी. आपल्या प्रोसेसरांत गुणक मोकळा ठेवते, तो बदलण्यास प्रोग्रॅमही देते. परंतु त्यापायी प्रोसेसर बिघडला तर वॉरंटी मिळणार नाही असेही लिहून ठेवते. भाच्याच्या जुन्या प्रोसेसरला हमी उरलीच नव्हती, म्हणून तो प्रश्न आम्हांस पडला नाही. नवे यंत्र असेल त्याने हमीची मुदत संपेपर्यंत धीर धरावा, असे माझे मत आहे.

व्होल्टेजला भ्यावे की नाही, ह्यावर भाच्याचे मित्र माझ्याशी पुष्कळ वादले. त्यांस मी २०२४ सालची गोष्ट सांगितली. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील मोठे डेस्कटॉप प्रोसेसर, कित्येकदा मालकाने कोणताही आगाऊपणा केलेला नसताना, वर्ष-दीड वर्षात अस्थिर होऊ लागले. शोध घेता असे आढळले की त्यांना गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज जात होते आणि त्याने आतील भाग हळूहळू झिजत होते. इंटेलने बायोसमधून दुरुस्ती पाठविली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. पण झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होत नाही, तो बदलूनच द्यावा लागतो. ज्यांनी तो प्रोसेसर बनविला त्यांच्याही हातून भाकरीचे माप चुकले. ज्यांच्याकडे त्या पिढ्यांचे यंत्र आहे त्यांनी बायोसची ती दुरुस्ती घेतली आहे ना, एवढे एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावे. आणि बायोस बदलण्याचे काम वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी करू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस असेल तरच हात घालावा.

मित्रांपैकी एकाने द्रवरूप हेलियमचा दाखला दिला. त्याच्या थंडीत २०२२ साली प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले, हे खरे आहे. ते विक्रम काही क्षण टिकतात. भाच्याचे यंत्र रात्रीचे दहा तास चालावयाचे असते.

एक उलटा मार्गही आहे आणि उन्हाळ्यापुरता मला तोच अधिक रुचतो : वेग कंपनीचाच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करून पाहणे. फळ सरस असेल तर ते कमी भाकरीतही तेवढेच काम करते. परीक्षा मात्र तितकीच कसून घ्यावी, कारण भाकरी अपुरी पडली तरी चूक तशीच मुकाट्याने होते. वीजबिल उतरते, पंख्याचा आवाज कमी होतो, खोलीही थोडी कमी तापते. हे भाच्याने ऐकून घेतले. करील असे वाटत नाही.

निघण्याच्या दिवशी त्याने एक कागद कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला. त्यावर लिहिले होते : "गुणक ४१. व्होल्ट १.२२५. मे महिना, दुपार, खोली ३९, प्रोसेसर ७९. चूक नाही." खाली रेघ मारून "डिसेंबर" असे लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. मी काही बोललो नाही.

गाडी सुटण्यापूर्वी ताईचा फोन आला. तिने एकच प्रश्न विचारला, "यंत्र जळाले तर नाही ना?"

"नाही," मी म्हटले, "पण त्यातली धूळ तू पाहायला हवी होतीस."